साखर उतरली की कन्नड

निपाणी
६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे काका रविवारी दवाखान्यातून घरी आले. उजव्या फुफ्फुसातला न्यूमोनिया बराच निवळलाय, गोळ्या मात्र अजून आठ-दहा दिवस घ्यायच्या आहेत. ताप नाही. उलट दुपारी चारच्या सुमाराला असा घाम सुटतो की बनियन पिळून काढावं. स्वयंपाकाला येणारी मालुबाई म्हणते, "अंगातला ताप घामातनं भाईर पडालाय, वैनी. पडू दे की." मलाही तसंच वाटतं.

फोन न करता लिहिते, कारण यांना ऐकू कमी येतं म्हणून आमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि हॉलमध्ये सकाळपासून भेटायला येणारे. तूही कामावर फोन लॉकरात ठेवतेस. शेजारचे नागेंद्र वकील रोज बेळगावला कोर्टात जातात, ते पाकीट तुझ्या खोलीवर टाकतील. नीट चिकटवलंय. वकील चांगले आहेत, पण वकील आहेत.

२४ तारखेला वाचनालयात काकांचा सत्कार आहे. सीमालढ्यातली चाळीस वर्षं. मानपत्र वकिलांनीच लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे, "कन्नडचा एक शब्दही ज्यांच्या ओठी कधी आला नाही." हे वाचून काकांनी कागद उलटा करून ठेवला. भरून आलं असणार.

त्यांच्या साखरेच्या गोळ्या बेळगावच्या डॉक्टरांकडून महिन्याभराच्या घेऊन पाठव. घामाच्या वेळी जरा इकडचं तिकडचं बोलतात. अशक्तपणा आहे. तू काळजी करू नको, आणि कोणाला सांगू नको.

तुझी,
नीलाकाकू


बेळगाव
७ नोव्हेंबर २०२४

ती. काकूस,
सा. न.

पत्र मिळालं. मी दिवसभर कारखान्यांच्या मापनयंत्रांमधल्या चुका शोधते, त्यामुळे "जरा", "इकडचं तिकडचं" असे शब्द मला वापरता येत नाहीत. घाम जेवणाआधी सुटतो की नंतर? हात थरथरतात का? आणि काका नेमकं काय बोलतात? घरातल्या सगळ्या गोळ्यांची नावं पट्टीवरून उतरवून पाठवा. रंग नको, नाव हवं.

सोबत रक्तातली साखर मोजायचं यंत्र पाठवते. तपासून घेतलंय, बरोबर दाखवतं. बोट टोचून एक थेंब पुरतो.

साखरेच्या गोळ्या आज पाठवत नाही. तुम्ही कुठलीही वस्तू संपायच्या आठवडाभर आधी मागता, तेव्हा घरात असतील. आधी नावं कळू देत.

तुमची,
प्रियदर्शनी


निपाणी
८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
आ.

यंत्र चांगलं आहे. कालपासून तीनदा बघितलं. १५६, १४१, १६३. काका म्हणाले, पोरीनं परीक्षा घेतली आणि मी पास झालो.

फुफ्फुसाची गोळी लिव्होफ्लॉक्सासिन, दिवसाला एक. साखरेची ग्लिमेपिराइड, सकाळी, गेली नऊ वर्षं. शिवाय रक्तदाबाची आणि पित्ताची. निपाणीच्या डॉक्टरांना साखरेच्या गोळीचं सांगितलं नाही, कारण ती बेळगावच्या डॉक्टरांची. दोघांना उगाच एकमेकांचं वाईट वाटायला नको.

जेवण कमी झालंय. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी नुसता ताकभात, तोही निम्मा टाकतात. हात थरथरतात, पण वयही झालं. साखर मी ते सावध होऊन बसले की मोजते. त्या अवस्थेत बोट टोचायचं मला धाडस होत नाही, आणि तेव्हा खिडक्या लावायच्या, टीव्ही मोठा करायचा, अशी माझी गडबड असते.

सत्काराला निळा कोट चालेल का गं, की बंद गळ्याचाच बरा?

नीलाकाकू


बेळगाव
११ नोव्हेंबर २०२४

ती. काकूस,
सा. न.

कोट कुठलाही चालेल.

शनिवारी मी बेळगावच्या डॉक्टरांना भेटले, आणि लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "सगळं छान आहे." मागून वकिलांनी विचारलं, "कोण हो?" आणि तुम्ही फोन ठेवला. म्हणून लिहिते. हे पत्र दोनदा वाचा.

फुफ्फुसाची ही गोळी काही माणसांच्या रक्तातली साखर खाली आणते. वय जास्त असेल, जेवण कमी असेल, मूत्रपिंडं मंद असतील आणि सोबत ग्लिमेपिराइड चालू असेल, तर फार खाली आणते. काकांना यातली तीन कारणं नक्की आहेत, चौथं तपासायचं आहे. चार वाजताचा घाम हा ताप उतरल्याचा नाही. साखर उतरल्याचा आहे.

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि निरुपयोगी आहेत. यंत्र ज्या क्षणी विचाराल त्या क्षणाचंच सांगतं. घाम सुटलेला असताना मोजा.

ग्लिमेपिराइड उद्यापासून बंद, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फुफ्फुसाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. सोबतची चिठ्ठी घेऊन उद्याच निपाणीच्या डॉक्टरांकडे जा, ते दुसरी देतील. तोवर तसं झालंच, आणि काका शुद्धीत असतील, गिळू शकत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. सरळ दवाखाना.

आता दोन प्रश्न. खिडक्या का लावता? आणि ते सावध कशाने होतात?

प्रियदर्शनी


निपाणी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
आ.

हे वाचून फाडून टाक.

तुझे काका त्या वेळी कन्नड बोलतात. मोडकंतोडकं नाही, चिकोडीच्या बाजारात ऐकावं तसं झरझर. ज्या माणसाने लाईटचं बिल कन्नडमध्ये आलं म्हणून चार वेळा परत पाठवलं, तो माणूस गं. छत्तीस वर्षं बाजारात कन्नड मी बोलले आणि हे पिशवी धरून बाजूला उभे राहिले. यांना येत नाही, तर मग बोलतंय कोण?

दवाखान्यात यांच्या शेजारच्या खाटेवर सदलग्याचे भरमूआप्पा होते. त्यांनाही फुफ्फुसाचंच. ते दिवसभर कन्नडमध्ये गप्पा मारायचे, हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका सकाळी बघितलं तर ती खाट रिकामी. मालुबाई म्हणाली, "त्यो म्हातारा गेला न्हवं वैनी, त्योच सायबांच्या तोंडातनं बोलालाय." मी बी.ए. आहे, मी हे मानत नाही. पण तिने तिच्या गावच्या देवीच्या प्रसादाचा पेढा यांच्या तोंडात घातला आणि पाव तासात हे मराठीत बोलायला लागले. पहिलं वाक्य काय, तर "टीव्ही एवढा मोठा का लावलाय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पेढा दिला की मराठी. एकदाही चुकलं नाही. आता तूच सांग, तुझं यंत्र तरी इतकं बिनचूक आहे का?

वकिलांच्या कानावर गेलं तर मानपत्रातलं ते वाक्य काढावं लागेल. ते काढलं तर उरतं काय?

रोज पेढे पोटात जातात म्हणून साखर वाढू नये, यासाठी मी गेले पाच दिवस साखरेची गोळी दीड देते आहे. त्यामुळेच आकडे चांगले येताहेत. तू आता ती बंद कर म्हणतेस, तर जरा घाबरायलाच होतं. आजची सकाळी देऊन झाली आहे. उद्या डॉक्टरांकडे जाऊन विचारते, मग बघू. त्यांना काय-काय सांगायचं तेवढं कळव.

नीलाकाकू


निपाणी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनी हिस,
केशवकाकाचे आशीर्वाद.

मी दवाखान्यातून परवा दुसऱ्यांदा घरी आलो. बुधवारी दुपारी मी खुर्चीत बसलो होतो, आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत दिसलं. मधलं काहीच आठवत नाही.

घरात मला कोणी सांगत नाही. तुझी काकू म्हणते, अशक्तपणा होता. वकील म्हणतात, काही नाही हो गुरुजी. मालुबाई मला पाहिलं की हात जोडते, जे तिने पूर्वी कधी केलं नाही. निपाणीच्या डॉक्टरांनी काल मला कन्नडमध्ये "कसं आहे?" विचारलं आणि स्वतःच दचकले.

माणसाला बरं वाटावं म्हणून तू काही बोललीस, असं तुझ्या लहानपणापासून मला आठवत नाही. म्हणून तुला विचारतो. काय झालं ते लिही.

तुझा,
काका


बेळगाव
१९ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत खोलीवर आले तेव्हा काकूंचं पत्र दारात होतं. तुम्हाला साखरेची गोळी दीडपट दिली जातेय, हे त्यात होतं. मी फोन केला. तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. काकूंच्या बोलण्यावरून कळलं, तुम्ही खुर्चीत घामाने भिजून कलंडला होता, हाक मारली तर डोळे उघडत नव्हता. काकू आणि मालुबाई तुमचा जबडा उघडून पेढा आत घालायच्या प्रयत्नात होत्या. मी ओरडले की पेढा घालू नका, तो श्वासनलिकेत जाईल, यांची साखर पडली आहे. हॉलमध्ये त्या दिवशी कोर्टातून लवकर परतलेले वकील आणि वाचनालयाचे आणखी दोघे होते. सगळ्यांनी ऐकलं.

त्याच वेळी फोनवर तुमचा आवाजही आला. तुम्ही म्हणत होता, "यव्वा, नीर कोड." आईकडे पाणी मागत होता. मला इतकं कन्नड येतं.

वकिलांनी तुम्हाला उचलून त्यांच्या गाडीत घातलं. दवाखान्यात साखर ३८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत तुम्ही डोळे उघडलेत, मी बसने पोचेपर्यंत चहा मागत होतात. पण गोळीचा असर दीड-दोन दिवस राहतो, संध्याकाळी साखर पुन्हा घसरली. म्हणून ग्लुकोज चालू ठेवून तुम्हाला तीन दिवस ठेवून घेतलं. फुफ्फुसाची गोळी बदलली. मूत्रपिंडं थोडी मंद आहेत. ग्लिमेपिराइड कायमची बंद.

डॉक्टरांनी विचारलं की अशा वेळी पहिलं लक्षण काय दिसतं. काकू म्हणाल्या, अशक्तपणा. मी सांगितलं, कन्नड. त्यांनी ते लिहून घेतलं. नर्स म्हणाल्या की तुम्ही चूक न करता बोलत होता, आणि बोली सदलग्याकडची आहे.

वकील मला नंतर म्हणाले की गाडीत त्यांना काहीही ऐकू आलं नाही. त्यांचे कान चांगले आहेत.

आणखी एक. भरमूआप्पांची चौकशी केली. ते तुमच्या आदल्या दिवशी बरे होऊन घरी गेले आहेत. तब्येत उत्तम आहे. मालुबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग जित्या माणसाचं लागलं असंल."

प्रियदर्शनी


निपाणी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
आ.

खरं लिहिलंस. बरं वाटलं नाही, पण बरं केलंस.

सदलग्यात माझं आजोळ होतं. सात वर्षांचा होईपर्यंत मी तिथे वाढलो, घरात एकच भाषा होती. आई गेली आणि वडिलांनी मला निपाणीला आणलं. तुझे वडील तेव्हा पाळण्यात होते, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. इथल्या शाळेत पहिल्याच दिवशी मी पाणी मागितलं आणि वर्ग हसला. मग मी पाणी मागायची भाषा बदलली. लढा पुढे आला. तो मला आजही पटतो. मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं, कचेरीत आपल्या भाषेत अर्ज देता यावा, एवढंच आमचं म्हणणं. त्यासाठी दुसरी भाषा विसरायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मीच अंगाला लावून घेतलं.

रविवारी सत्काराला उत्तर देताना मी दोन वाक्यं आईच्या भाषेत बोलणार आहे. मानपत्रातलं ते वाक्य खोटं आहे आणि मी खाली बसण्याआधी ते दुरुस्त झालं पाहिजे. तुझ्या काकूला सांगितलेलं नाही, ती वकिलांना घाबरते. तू यंत्र घेऊन ये. मी शुद्धीवर बोलत होतो, याला कोणीतरी साक्षीदार हवा.

काका


निपाणी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
आ.

काल तू न जेवताच शेवटच्या बसने गेलीस, म्हणून लिहिते.

देवाची कृपा की मी पुढच्या रांगेत बसले होते. काका पहिली दहा मिनिटं किती छान बोलले. मग थांबले, पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला, आणि कन्नड सुरू. पहिलं वाक्य पुरं होऊन दुसरं निम्म्यावर आलं तोवर मी स्टेजवर पोचले होते. पेढा पर्समध्ये तयारच होता. शुद्धीत होते, गिळू शकत होते, म्हणजे तू सांगितलेल्या नियमातच बसलं. त्यांच्या तोंडात पेढा घातला आणि अशा टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, छत्तीस वर्षं साथ देणाऱ्या बायकोने तोंड गोड केलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी तर डोळे पुसले. फोटो आजच्या पेपरात आलाय, पाठवते.

पेढा तोंडात असल्यामुळे पुढे बोलता आलं नाही. ते खाली बसले. घरी येऊन मोजलं तर २१४. म्हणजे किती खाली गेली असेल आणि किती वर आली, कल्पना कर.

तुझा थोडा राग आला. यंत्र पिशवीत घेऊन तिसऱ्या रांगेत बसलीस आणि जागची हलली नाहीस.

नीलाकाकू


बेळगाव
२६ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न.

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे, वकिलांच्या हाती नाही.

स्टेजवर जाण्याआधी पडद्यामागे मी तुमची साखर मोजली, ती १२८ होती. भाषणाला पंधरा मिनिटंही झाली नव्हती. एवढ्यात ती कन्नडपर्यंत उतरत नाही. तुम्ही पूर्ण शुद्धीवर होता. मी उठले नाही, कारण उठायचं कारण नव्हतं. काकू उठल्या, त्यांच्यापाशी कारण होतं. आम्ही दोघी आपापल्या माहितीप्रमाणे बरोबर वागलो आणि तुमचं वाक्य मध्येच राहिलं.

काकूंना मी हा आकडा सांगितलेला नाही. सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलात तर त्यांना वाईट वाटेल. नाही सांगितलात तर यापुढे तुम्ही आईची आठवण काढाल तेव्हा तुम्हाला पेढा मिळेल, आणि तुमची साखरेची तीन महिन्यांची सरासरी बिघडेल.

अर्धं राहिलेलं वाक्य मला ऐकायचं आहे. ते कुठल्याही तपासणीसाठी नाही.

तुमची,
प्रियदर्शनी


निपाणी
१ डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
आ.

नीलाला आकडा सांगितला. मला वाटलं होतं, ती रडेल. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, मोडतच राहिली. म्हणाली, "ठाऊक होतं की. शुद्ध गेली की तुम्ही माझ्याकडं बघत नाही, भिंतीकडं बघता. परवा माझ्याकडं बघून बोलत होता."

मी विचारलं, मग पेढा कशाला?

"वकील पुढच्या रांगेत होते," ती म्हणाली. "आणि मानपत्राबद्दलचं तुमचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं."

थोड्या वेळाने म्हणाली की बाजारात भाजीवाली कन्नडमध्ये काही गमतीचं बोलली, की छत्तीस वर्षं मी तिच्याआधी हसत आलो आहे. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, इतकंच. भूतबाधेची शंका आपल्याला सोयीची वाटली, असंही म्हणाली.

तुला ती हे लिहिणार नाही. तिचं मागचं पत्र खरं धरून चाल.

आज दुपारी चार वाजता तिने माझं बोट टोचलं. १३४. तो आकडा तिने मला दाखवला, यंत्र पेटीत ठेवलं आणि पाणी हवं का ते कन्नडमध्ये विचारलं, "नीर बेकेन?" मी हो म्हटलं. मराठीत नाही, आईच्या भाषेत.

खिडक्या उघड्या होत्या. वकील अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला, थोडं थांबले, आणि पुन्हा सोडला.

तुझा,
काका